वाकडातिकडा चंद्रही चंद्रच!



गेल्या महिन्यात मी मंगळाचे चित्र काढले. शेजारी त्याचे दोन चंद्र काढले, बटाट्यासारखे. सगळा वर्ग हसला. "चंद्र कधी असा असतो का रे?" म्हणाले. माझे मत असे आहे की, असतो! आणि हसण्याआधी मला विचारायला हवे होते.

मे महिन्यात मी मुलुंडला मामाकडे गेलो होतो. तिथला दादा संगणकावर 'कर्बल स्पेस प्रोग्राम' नावाचा खेळ खेळतो. त्यात यान बांधायचे, उडवायचे आणि नीट उतरवायचे. त्या खेळात गिली नावाचा एक इवलासा, ओबडधोबड चंद्र आहे. त्याची ओढ फारच कमी. दादाने यान जरा जोरात टेकवले, तर ते चेंडूसारखे टुणकन वर उडाले! मामी म्हणाली, "पुरे आता, डोळे बिघडतील." मामीचेही खरे आहे. पण त्या दिवशी मला गुरुत्वाकर्षण समजले.

गिली खेळातला, पण मंगळाचा फोबोस खरा आहे. तो 1877 साली सापडला. त्याची लांबी सुमारे 27, रुंदी 22 आणि जाडी 18 किलोमीटर. म्हणजे लोकलने मुलुंडहून दादरला जाईपर्यंत त्याची रुंदी संपली! तिथे हातातून खडू सुटला तर खाली पडायला पंधरा सेकंद तरी लागतील.

तो गोल का नाही? आई लाडू वळते तेव्हा सगळीकडून दाबते, म्हणून लाडू गोल होतो. मोठा चंद्र स्वतःच्याच ओढीने असा दाबला जातो. फोबोसची ओढ कमी पडते, म्हणून तो वेडावाकडाच राहिला. यात त्याचा काय दोष?

आणि पुरावा आपल्याच देशाचा आहे. 2013 साली श्रीहरिकोट्याहून निघालेल्या आपल्या मंगळयानाने 1 जुलै 2020 रोजी फोबोसचा फोटो काढला. त्यात तो वाकडातिकडा, खड्ड्याखड्ड्यांचा दिसतो.

म्हणून बाईंना माझी विनंती आहे की, तो फोटो वर्गात गोल चंद्राच्या शेजारी लावावा. आणि मित्रांनो, कोणाचे चित्र वेगळे दिसले तर आधी "असे का काढलेस?" विचारा. मग हसायचे तर खुशाल हसा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी