इफ्तारनंतरचे अरब जनमत

पश्चिम आशियात काही घडले की आपल्याकडे प्रश्न विचारला जातो, 'अरबांना काय वाटते?' उत्तर मात्र एखाद्या बादशहाच्या निवेदनातून नाही तर मोबाइलवर फिरणाऱ्या संतप्त चित्रफितीतून शोधले जाते. अरब लीगमध्ये 22 देश आहेत आणि त्यांची लोकसंख्या 40 कोटींहून अधिक आहे. यांतल्या बहुतेक देशांत खुल्या निवडणुका नाहीत, वर्तमानपत्रांवर सरकारची नजर असते आणि मोर्चा काढणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे. अशा ठिकाणी सामान्य माणसाचे मत ऐकू येते तरी कुठून? त्याची एक जागा रमजानमध्येच आहे, आणि ती म्हणजे इफ्तारनंतरचा दूरचित्रवाणी संच.

रोजा सुटला की सारे कुटुंब एकत्र बसलेले असते. म्हणून अरब वाहिन्या वर्षातल्या आपल्या सर्वांत मोठ्या मालिका याच महिन्यासाठी राखून ठेवतात. साधारण तीस भाग, रोज एक. या मालिकांना अरबीत 'मुसलसल' म्हणतात. उर्दूत याच शब्दाचा अर्थ 'सलग' असा होतो. तरावीहच्या आधी पाहिलेल्या भागावर सहरीपर्यंत चर्चा चालते. एरवी ज्या विषयावर कोणी उघड बोलत नाही, त्यावर पात्राच्या आडून बोलता येते.

इजिप्तची दोन उदाहरणे पाहू. 2001च्या रमजानमध्ये 'हाजी मुतवल्लीचे कुटुंब' ही मालिका गाजली. नूर अल-शरीफ यांनी रंगवलेला कापडाचा व्यापारी चार बायकांसह सुखात नांदतो, असे तिचे कथानक होते. अनेक पुरुषांनी ती मिटक्या मारत पाहिली, तर स्त्री-संघटना संतापल्या. सर्व पत्नींना समान न्याय देण्याची कुराणाची कठोर अट हसण्यावारी नेली, हा आक्षेपही रास्तच होता.

त्यानंतर 22 वर्षांनी, 2023च्या रमजानमध्ये, त्याच देशाने 'तहत अल-विसाया', म्हणजे 'पालकत्वाखाली', ही मालिका पाहिली. मोना झकी यांनी साकारलेली विधवा नवऱ्याची मासेमारीची बोट घेऊन दुसऱ्या गावी जाते आणि दोन लेकरांसाठी ती चालवते. मुले तिची असली तरी त्यांच्या पैशावर कायद्याने हक्क आजोबांचा. हे कथानक हवेतले नव्हते. इजिप्तच्या 1952च्या कायद्यानुसार वडिलांच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलांच्या मालमत्तेचे पालकत्व आधी वडिलांच्या वडिलांकडे जाते, आईकडे नाही. पैसे काढण्यासाठी कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्या बायकांनी आपापले अनुभव सांगायला सुरुवात केली. कायदा बदला ही मागणी संसदेपर्यंत पोहोचली. मालिकेच्या भित्तिपत्रकात हिजाबमधल्या स्त्रीला केविलवाणे दाखवले, म्हणून आधी टीकाही झाली होती. मालिका पाहिल्यावर बोलण्याचा विषय बदलला.

सौदी अरेबियात हेच काम विनोदाने केले. 1993पासून सुमारे दोन दशके 'ताश मा ताश' ही मालिका रमजानची ओळख होती. नासिर अल-कसबी आणि अब्दुल्ला अल-सदहान ही जोडी सरकारी कचेऱ्यांतला वशिला, स्त्रियांवरची बंधने आणि धर्माच्या नावाने चालणारी दांडगाई यांची टर उडवी. काही धर्मपंडितांनी ती पाहू नये असे फतवे काढले. लोकांनी ती पाहिलीच.

म्हणून या मालिका म्हणजे निखळ लोकमत, असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. या खिडकीला पडदा आहे आणि त्याची दोरी अनेकदा सत्तेच्या हातात असते. इजिप्तमध्ये 2020पासून तीन रमजान 'अल-इख्तियार' ही लष्कर आणि सुरक्षा दलांचा गौरव करणारी मालिका चालली. त्याच 2020च्या रमजानमध्ये सौदी मालकीच्या एमबीसी वाहिनीवरील 'मखरज 7' मालिकेतले एक पात्र इस्रायलशी व्यापार करण्याची भलामण करत होते. काही महिन्यांतच संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांनी इस्रायलशी करार केले. अरब समाजाचे मन बदलले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण त्याच सुमारास दोहा येथील एका संशोधन केंद्राने 13 अरब देशांतील 28 हजारांहून अधिक लोकांची मते प्रसिद्ध केली. आपल्या देशाने इस्रायलला मान्यता देण्यास 88 टक्के लोकांचा विरोध होता. पडद्यावर राज्यकर्त्यांना हवे ते बोलले गेले, घराघरांत मत वेगळेच होते.

तेव्हा नुसती मालिका पाहून चालत नाही. तिच्यावर कोण चिडले, कोण रडले आणि कोणाला आपलीच गोष्ट वाटली, हे पाहावे लागते. तसे पाहिले की 'अरब' नावाचा एकसाची माणूस उरत नाही. मुतवल्लीला हसणारा पुरुष, त्याच्यावर संतापलेली त्याची बायको, बोटीवरच्या विधवेत स्वतःला पाहणारी आई आणि फतवा ऐकूनही टीव्ही सुरू ठेवणारा सौदी बाप, सगळे एकाच समाजात राहतात आणि एकमेकांशी भांडतात.

आपल्यासाठी हा दूरचा प्रश्न नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे, हिंदूही आणि मुसलमानही, आखातात कामाला आहेत. ज्या समाजात ती राहतात त्याला 'श्रीमंत शेख' किंवा 'कट्टर अरब' या दोन चित्रांत बसवणे सोपे आहे, पण खरे नाही. इथल्या मुस्लिम शेजाऱ्याचे मत अरब राजवाड्यातल्या घोषणेवरून ठरवण्याची सवय तर त्याहूनही वाईट. ज्याचे मत हवे त्यालाच विचारावे. इफ्तारचे आमंत्रण मिळाले असेल, तर त्यासाठी याहून चांगली वेळ नाही.