श्वानाचा माग आणि माणसाचा पंचनामा

उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पात दुकानाचे शटर उचकटून चोरी झाली, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत गोदाम फुटले, किंवा बदलापुरात गावी गेलेल्या कुटुंबाच्या बंद घरातून दागिने गेले, की वृत्तपत्रातील बातमीच्या शेवटी एक वाक्य बहुधा ठरलेले असते : श्वानपथकास पाचारण करण्यात आले, परंतु श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले. हे वाक्य वाचून एक पक्ष हळहळतो, कारण मुके जनावर खोटे बोलत नाही आणि ते ज्याच्या अंगावर जाईल तोच चोर, अशी त्याची श्रद्धा असते. दुसरा पक्ष हसतो, कारण हा सारा देखावा असून न्यायालयात त्याची किंमत शून्य, असे त्याने कोणा वकिलाकडून ऐकलेले असते. पोलिसी कामातील श्वानांसाठी लेखी आणि बंधनकारक नियमावली असावी, असे म्हणणाऱ्यास या दोन्ही पक्षांशी झगडावे लागते. आणि शिवाय एका तिसऱ्याशी, ज्याचा समाचार शेवटी घेऊ.

श्रद्धाळूंचे म्हणणे प्रथम पाहू. कुत्र्यास वैर नाही, लाच नाही, जातपात नाही, हे सर्व खरे. परंतु न्यायासनापुढे कुत्रा येत नाही, येतो तो त्याचा दोर धरणारा हस्तक. आणि त्याच्या मनात कोणाविषयी संशय असेल, तर तो दोरातून, पावलाच्या अडखळण्यातून, नुसत्या श्वासाच्या बदलातूनही जनावरास कळतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. अठरा हस्तकांना आपापल्या श्वानांसह ज्या इमारतीत नेले, तीत अंमली द्रव्य वा स्फोटक यांचा कणही नव्हता. मात्र वास असू शकेल असे त्यांना सांगितले होते आणि काही ठिकाणी खुणेचे लाल कागद लावले होते. एकंदर १४४ फेऱ्यांपैकी केवळ २१ फेऱ्यांत एकही इशारा नोंदला गेला नाही! नेदरलँड्समध्ये तर संशयिताच्या वासाची नळी रांगेत कोठे ठेवली आहे हे हस्तकास ठाऊक नसावे असा नियम असूनही, काही प्रांतांत वर्षानुवर्षे तो मोडला जात होता. ही गोष्ट २००६ साली उघडकीस आली आणि जुने निकाल पुन्हा तपासण्याची पाळी आली. कुत्रा खोटे बोलत नाही हे कबूल. पण माणसाच्या मनातले तो इमानाने बोलून दाखवतो, त्याचे काय?

आता उपहास करणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या आधाराचे पहिले नाव म्हणजे अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा आपल्याच राज्यातील रेल्वे घातपाताचा खटला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने श्वानाच्या पुराव्यावरील तीन आक्षेप नमूद केले : श्वान शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो ती ऐकीव साक्ष ठरते, आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर सोपवू नये. परंतु त्याच न्यायालयाने या पुराव्याविषयी सर्वसाधारण नियम घालून देण्याचे टाळले आणि इतर पुराव्याच्या बळावर शिक्षा कायम ठेवली, हा निकालाचा उत्तरार्ध सांगण्यास आमचे मित्र विसरतात. पुढे २००१ साली गदे लक्ष्मी मंगराजू खटल्यात न्यायालयाने अधिक स्पष्ट केले की, तपासी अंमलदाराने श्वानाचे साहाय्य घेण्यास हरकत नाही, मात्र न्यायनिर्णयास असे चाचपडणे परवडणारे नाही. तपास आणि निवाडा यांच्यामधील ही भिंत पाडून टाकणे जसे चूक, तसेच भिंतीपलीकडे जाता येत नाही म्हणून अलीकडची जागाही ओसाड सोडणे चूक.

मग श्वानाची योग्यता मोजावी कशी? मुंबईच्या १९९३ च्या स्फोटमालिकेच्या काळात नावाजलेल्या जंजीर या श्वानाचे उदाहरण घ्यावे. मुंबई, मुंब्रा, ठाणे या टापूत त्याने हुडकलेल्या आरडीएक्सचे वजन ३,३२९ किलो सांगितले जाते, आणि २००० साली तो वारला तेव्हा त्यास सन्मानाने निरोप देण्यात आला. त्याच्या नाकाच्या विश्वसनीयतेविषयी कोणी उलटतपासणी घेतली नाही, कारण त्याने दाखवलेली जागा उघडताच माल समोर दिसत होता; त्याचा इशारा क्षणार्धात खरा वा खोटा ठरत होता. माग काढणाऱ्या श्वानाचे तसे नाही. तो दहा माणसांतून एकावर भुंकला, तर ते भुंकणे पडताळून पाहण्यास उघडावयाची पेटी नसते. जंजीरची कीर्ती मागावरच्या श्वानास उसनी देणे आणि मागावरच्या श्वानाच्या चुका स्फोटकशोधकाच्या माथी मारणे, ही एकाच गोंधळाची दोन तोंडे होत. म्हणून नियमावलीचे पहिले कलम असे असावे की, पडताळून पाहता येणारा इशारा आणि न येणारा इशारा यांची नोंद, वापर व प्रसिद्धी भिन्न राहील. आणि दुसऱ्या प्रकारच्या इशाऱ्यावरून, स्वतंत्र दुवा मिळेपर्यंत, कोणास अटक होणार नाही व कोणाचे नाव पत्रकारांच्या कानी जाणार नाही.

आमच्या या तीन शहरांत श्वान निरुपयोगीच, असेही काही जण सांगतात. वालधुनी नदी अंबरनाथहून रसायनांचा दर्प घेऊन उल्हासनगरातून वाहते, गजानन मार्केटमध्ये खांद्याला खांदा लागतो, आणि बदलापूरचा पाऊस पाऊलखूण काय, पायवाटही ठेवत नाही. यात तथ्य आहेच. तथापि घटनास्थळी प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. पथक पोचण्याच्या आत मालकाने तुटलेले कुलूप उचलून न्याहाळलेले असते, शेजारचे चौघे गल्ल्यापर्यंत आत जाऊन आलेले असतात, कोणी भ्रमणध्वनीवर चित्रण करीत असतो, आणि चहाचे पेलेही आलेले असतात. नंतर श्वानास त्या कुलपाचा वास दिला जातो. तो नाक जमिनीस लावून गल्ली ओलांडतो, गटाराशी क्षणभर मान वर करतो, रिक्षा थांबतात तेथवर येतो, दोन वळसे घेतो आणि हस्तकाकडे पाहत उभा राहतो. यास अपयश म्हणून बातमीत छापले जाते! वस्तुतः माग येथे संपला, अर्थात चोर बहुधा येथून वाहनात बसला, हीच तपासाची दिशा होय; त्या नाक्यावरील कॅमेऱ्याचे त्या घटकेचे चित्रण तत्काळ ताब्यात घेतले तर श्वानाचा दिवस सार्थकी लागला म्हणावयाचे.

आमच्या जुन्या ग्रामव्यवस्थेत चोराचे पाऊल दुसऱ्या गावच्या शिवेत नेऊन घालून देण्याची जबाबदारी रामोशी-जागल्यांवर असे, आणि ते न साधल्यास भरपाईचा भार गावावर येई. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, परंतु माग कोठवर आला व कोणाच्या साक्षीने आला, ही चौकशी तीत टळत नसे. आज तीच टळते. पंचनाम्यात दीड ओळ असते. वास कशाचा दिला, ती वस्तू आधी कोणी हाताळली, गुन्ह्यास किती तास लोटले, पाऊस होता काय, हस्तकास संशयिताचे नाव ठाऊक होते काय, यांपैकी काहीच नसते. नियमावलीचा गाभा येथेच आहे : हस्तकास संशयिताविषयी काहीही सांगू नये, आणि श्वानाची प्रत्येक कामगिरी, फसलेलीसुद्धा, किंबहुना फसलेली आधी, त्याच्या नावच्या वहीत चढावी. फसल्याची नोंदच नसलेल्या श्वानाची यशोगाथा कोणत्याही सुजाण न्यायाधीशाने बाजूस सारावी. जमावास वा कोठडीतील इसमास भिववण्यासाठी श्वान वापरू नये, हे निराळे सांगावयास लागू नये. तरी लिहून ठेवावे.

उरला तिसरा पक्ष, तो खात्यातलाच. नियमांनी हात बांधले जातात, वहीचा प्रत्येक कागद आरोपीच्या वकिलाचे हत्यार होतो, अशी त्याची कैफियत. या म्हणण्यात अनुभवाचा अंश आहे हे नाकारता येत नाही, परंतु हत्यार कोऱ्या कागदाचेच अधिक धारदार होते. साक्षीच्या पिंजऱ्यात वर्ष-दोन वर्षांनी उभ्या राहिलेल्या हस्तकास सर्वांत अवघड जाणारा प्रश्न, तुम्हांस आधी ठाऊक होते काय, हा असतो. त्याचे उत्तर त्या वेळच्या नोंदीत असेल तर तो निर्भयपणे देईल, नसेल तर स्मृतीवर विसंबून अडखळेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा व त्याचे चित्रीकरण व्हावे, असे आता अपेक्षित आहे. तोच कॅमेरा श्वान दाखल होण्यापूर्वी सुरू करून तो परत गाडीत बसेपर्यंत चालू ठेवण्यास कोणत्या नव्या कायद्याची वाट पाहावयाची? ठाणे आयुक्तालयाच्या परिमंडळ चारमध्ये, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांतील पोलीस ठाण्यांपुरता, असा स्थायी हुकूम आधी काढून पाहावा. खर्च म्हणाल तर दोरी बांधून दुकान बंद ठेवणारा एक शिपाई, आणि एक छापील वही.