नेटवाल्याशी काडीमोड : आत्ता की मुदत संपल्यावर?

मोबाइल कंपनीवर रुसलात तर काय करता? पोर्ट करता. एक एसएमएस टाकला की झालं, नंबर तोच आणि कंपनी नवी. २० जानेवारी २०११ला ही सोय देशभर सुरू झाली आणि आपल्याला ती इतकी अंगवळणी पडली, की घरच्या ब्रॉडबँडचंही तसंच असेल असं वाटतं. नसतं, बॉस! घरच्या नेटला पोर्टिंग नाही. जुनी वायर काढायची, नवी ओढून घ्यायची, राउटर परत करायचा, डिपॉझिटसाठी फोन करत बसायचं. आणि हे सगळं करायला निघालात की पलीकडून गोड आवाज येतो, "सर, तुमच्या प्लॅनचे अजून चार महिने बाकी आहेत."

झाला ना डोक्याला शॉट?

पुण्यातल्या सोसायटीत हा प्रश्न फारतर चिडचिडीचा. तिथे दोन-तीन कंपन्यांच्या वायरी जिन्यापर्यंत आलेल्या असतात. पण आपल्यापैकी कित्येकांचं एक घर पुण्यात असतं आणि एक गावाला. समजा, ते गाव आहे बार्शीटाकळी. अकोल्यापासून वीसेक किलोमीटर, तालुक्याचं ठिकाण, कालंका देवीच्या जुन्या दगडी मंदिराचं गाव. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन अशा गावी गेलेले काही जण तिथूनच कामाला लागले. बाकीच्यांचे आई-बाबा तिथे आहेत. नेटचं बिल तुम्ही पुण्यातून भरता आणि रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, "आवाज येऊन राहिला बेटा, पण तू दिसूनच नाही राहिला."

म्हणजे निर्णय तुमचा, त्रास त्यांचा. म्हणूनच तो चिडून नाही, गणित मांडून घ्यायचा.

आधी कळू द्या, बांधलंय कशाने?

आपल्याकडे 'कॉन्ट्रॅक्ट' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे आगाऊ भरलेले पैसे. सहा महिन्यांचे एकदम भरा, इन्स्टॉलेशन फ्री! इथे सही-शिक्क्याचं बंधन नसतं, पण मध्येच सोडलं तर उरलेले पैसे बहुतेक वेळा बुडतात. दुसरी म्हणजे लॉक-इन. बिल दरमहा येतं, पण ठरावीक मुदतीआधी सोडलं तर 'फ्री' राउटरचे किंवा इन्स्टॉलेशनचे पैसे वसूल होतात. तुमचं कोणतं, हे पहिल्या पावतीवर नाहीतर वेलकम मेलमध्ये सापडेल. नाही सापडलं तर कंपनीला लेखी विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर वाद झाला की हवेत विरतं.

गणित सोपं आहे, मन कच्चं आहे

आता आकडे. हे फक्त उदाहरण, तुमचे आकडे तुम्ही घाला. सहा महिन्यांचे ३,६०० रुपये भरलेत, दोन महिने झाले, चार बाकी. नवा नेटवाला महिना ५०० सांगतोय आणि जोडणीचे १,०००.

आपण लगेच म्हणतो, "जुना ६००ला पडतो, नवा ५००ला. शंभर वाचले!" साफ चूक. जुन्याचे पुढचे चार महिने आता शून्य रुपयांना आहेत, कारण ते पैसे गेलेत. नव्याचे चार महिने पडतील २,००० अधिक १,००० म्हणजे ३,०००. म्हणजे खरा प्रश्न असा : चार महिने धड नेट मिळावं यासाठी तुम्ही महिना ७५० रुपये मोजायला तयार आहात का?

घरात कुणी नेटवर पोट भरत असेल, तर एक हुकलेला इंटरव्ह्यू किंवा क्लायंटसमोर तीनदा तुटलेला कॉल त्याहून महाग पडतो. बदला, विचारही करू नका. नेट फक्त संध्याकाळच्या मालिकांपुरतं असेल, तर चार महिने थांबा.

उलटी चूकही तितकीच कॉमन आहे. "पैसे भरलेत ना, मग सोडायचं कसं?" असं म्हणत लोक महिनोन्महिने गोल फिरणारं चक्र बघत बसतात. भरलेले पैसे राहिलात तरी गेले आणि सोडलंत तरी गेले. हिशोब पुढच्या महिन्यांचा करायचा.

लॉक-इन असेल तर दंडही त्याच वहीत लिहा. पाच महिने बाकी, जुना ७०० म्हणजे ३,५००. नवा ६०० म्हणजे ३,००० आणि वर दंड १,५००. फरक पडला १,००० रुपयांचा, म्हणजे महिना २०० रुपये. कधी कधी सुटका वाटते त्यापेक्षा स्वस्त असते!

दोष नेटवाल्याचाच आहे ना?

काडीमोड घेण्याआधी एवढं नक्की करा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड बघा. केबलवर झकास आणि मागच्या खोलीत बोंब, तर दोष जाड भिंतींचा. राउटरची जागा बदला, कंपनी नको. डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल, तर फायबरमधून प्रकाश येत नाही, बहुतेक वायर कुठेतरी तुटली आहे. दिवसभर ठीक आणि रात्री आठ ते अकरा कासव, तर अनेक घरांत वाटलेली लाइन कमी पडते आहे. हा मात्र अस्सल नेटवाल्याचा दोष. आणि लाइट गेली की नेट जातं, हा प्रकार असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावून बघा. नव्या कंपनीचा राउटरही विजेवरच चालणार आहे!

स्पीडच्या जाहिरातीतला 'अपटू' हा शब्दही नीट वाचा. २००४च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. त्या वेगाने ७०० एमबीचा सिनेमा उतरायला सहा तास लागायचे. तेव्हा बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं आणि लोक दोनचे अलार्म लावायचे. २०२३मध्ये ही व्याख्या वाढून किमान २ एमबीपीएस झाली. म्हणजे 'अपटू १००' या आकड्यात कमाल सांगितलेली असते, किमान नाही.

कंपनी नको, लाइनमन बघा

आता तालुक्याच्या गावातला खरा फंडा. ब्रँड कुठलाही असो, शेवटचा खांब ते तुमचं घर ही वायर बहुतेक वेळा स्थानिक पार्टनर सांभाळतो. पुष्कळदा हाच आधी केबल टीव्ही पुरवायचा. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की टोल-फ्री नंबर तक्रार क्रमांक देतो, जोडायला हा माणूस येतो. म्हणून बाबांना सांगा, त्याच गल्लीतल्या दोन-तीन घरी एवढंच विचारा : "भाऊ, मागच्या खेपेला लाइन गेली होती, तर किती दिवसांनी आली?" हे उत्तर शंभर एमबीपीएसच्या होर्डिंगपेक्षा मोलाचं. दोन्ही कंपन्यांचं काम एकच माणूस बघत असेल, तर बदलून मिळणार काय?

वायरीची कटकट नको म्हणून एअर फायबरचा पर्याय आहे. एअरटेलने आणि जिओने ही सेवा २०२३मध्ये आणली. त्यात सिग्नल टॉवरवरून हवेतून येतो. तेव्हा आधी त्याच कंपनीचं ५जी सिम घेऊन गच्चीवर आणि घरात रात्री नऊला स्पीड बघा.

आणि सोन्यासारखा नियम : नवं लागल्याशिवाय जुनं तोडू नका. निदान आठवडाभर दोन्ही चालू ठेवा. त्या आठवड्यात एकदा लाइट जाईल, एक रविवार येईल, आईशी कॉल होईल. निकाल आपोआप लागेल.

रडू नका, लिहा

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींचा याबाबतीत हेवा वाटतो. तिथे २०१९च्या संहितेनुसार, त्यात सहभागी कंपनीने कबूल केलेला किमान वेग मिळाला नाही आणि ३० दिवसांत सुधारलाही नाही, तर ग्राहक दंड न भरता करार सोडू शकतो. सप्टेंबर २०२४पासून तर फक्त नव्या कंपनीला सांगायचं, बदलाची प्रक्रिया तीच पार पाडते.

आपल्याकडे इतकी चैन नाही, पण हात अगदीच रिकामे नाहीत. ट्रायच्या २०२४च्या नियमांप्रमाणे कनेक्शन बंद केल्यावर डिपॉझिट ४५ दिवसांत परत मिळायला हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ म्हणतो, नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार 'अनुचित' ठरू शकतो. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि तिथवर जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच : १९१५.

त्यासाठी पुरावा मात्र हवा. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि स्पीडचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. अशी दहा-बारा स्क्रीनशॉटची फाइल मेल केली की "उरलेले पैसे परत द्या" या मागणीला वजन येतं. निघताना राउटर परत केल्याची पावती घ्या आणि ऑटो-पे बंद करा. नाहीतर काडीमोड होऊनही पोटगी चालूच राहायची!

थांबायचं ठरवलंत तरी हरकत नाही. प्लॅन संपायच्या पंधरा दिवस आधीचा अलार्म आजच लावा. पुढच्या वेळी 'सहा महिन्यांचे एकदम भरा' म्हणणाऱ्याला हसून सांगा, "भाऊ, आधी एक महिना चालवून दाखवा." आणि या रविवारी आईला विचारा, रात्री नऊला नेट नेमकं कसं चालतं. हिशोबाची वही तिथूनच उघडायची.