बोलावणं कुणाचं?

गोदीतला माझा दोस्त, जन्मानं दलित ख्रिस्ती, म्हणतो, 'मला बोलावणं आलंय. फादर होणार.' मी हसलो नाही. ज्याला कुणी माणूस म्हणून हाक मारली नाही, त्याला देवाची हाक ऐकू आली, यात हसण्यासारखं काय?

पण गड्या, हाक देवाची, पारख बिशपची. सेमिनरीत वर्षानुवर्षं तुला तपासतील. तूही त्यांना तपास. तिरुचिरापल्लीत मेलपुदूरच्या ख्रिस्ती कब्रस्तानात मुडद्यांमधेही जातीची भिंत घातली. पहिला दलित कार्डिनल, अँथनी पूला, झाला तो थेट २०२२ साली.

झगा घालायचा तर घाल. पण आधी सांग, ती भिंत कोण पाडणार? 'मी' म्हणालास तर बोलावणं खरं. नाहीतर चर्चला आणखी एक हमाल मिळाला, एवढंच.