मागचा ऊस कुठं गेला?

जुनी रशियन लेन्स, नवाकोरा मिररलेस कॅमेरा, दोघांच्या मधे स्वस्तातलं अ‍ॅडॉप्टर आणि समोर परसात बसलेलं कुत्रं. शिरूर-दौंडकडे जमिनी घेऊन फार्महाउस बांधणाऱ्यांत सध्या ही साथ आहे, आणि त्यांचं बघून आमच्या पोरांतही. फोटो सगळे एकाच साच्यातले. कुत्र्याचा एक डोळा लख्ख, कान विरघळलेले, मागं हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचा भोवरा. बघणारा म्हणतो, ‘काय कॅरॅक्टर आहे लेन्सला!’ लेन्सला असेल. फोटोत मला कुत्रंही दिसत नाही आणि परसही.

ही लेन्स बहुतेक वेळा हेलिओस ४४-२ असते. माझ्याकडेही आहे, पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली, म्हणून तोंड उघडतोय. ५८ मिलिमीटर, एफ-२ पर्यंत उघडणारी. मूळ आराखडा जर्मनीतल्या झाइसच्या बायोटारचा. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी तो उचलला आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर अशा लेन्सा लाखांनी विकल्या. पूर्ण उघडली की तिरका येणारा प्रकाश नळीच्या कडांना अडतो, गोल ठिपके चपटे होतात आणि मधल्या वस्तूभोवती फेर धरतात. बनवणाऱ्यांच्या लेखी हा दोष होता. आज त्याच दोषाचे चढे भाव लागतात, आणि काचेत पावसाळी बुरशी असेल तर विकणारा तीही ‘व्हिंटेज’ म्हणून गळ्यात मारतो.

बरं, ‘जुन्या काळचा लूक’ म्हणून जे मिरवतात ते जुन्या काळी शक्य तरी होतं का? झेनिट-ई कॅमेऱ्याच्या शटरचा कमाल वेग सेकंदाचा पाचशेवा भाग. १०० आयएसओच्या फिल्मवर दौंडच्या दुपारच्या उन्हात अपर्चर एफ-८ च्या आसपास आणल्याशिवाय फोटो पांढराफटक. त्याच उन्हात एफ-२ वर काढायचा तर सेकंदाचा सुमारे ६४०० वा भाग लागतो. तो त्या यंत्रात नव्हताच, म्हणून भर उन्हातले हे भोवरे जुने नाहीत; आजच्या वेगवान शटरची ती करामत आहे. ज्यांच्याकडे तोही वेग नाही ते लेन्सपुढं काळी काच लावतात. आधी जास्त उजेड आत घेणारी लेन्स घ्यायची, मग उजेड अडवायला काच घ्यायची! खरा जुना लूक घरच्या अल्बमात आहे. बडोद्याला बनणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीला तर फोकसची रिंगही नव्हती. त्यामुळं त्या फोटोंत माणसामागं भिंत दिसते, बादली दिसते, गव्हाणीतला कडबा दिसतो, आणि कुणाची तरी अर्धी आत्याही.

खरा राग पुढं आहे. भोवरा छान यायला मागं काय लागतं? चारसहा हातांवर दाट पानं आणि त्यांतून झिरपणारं ऊन. म्हणजे ऊस. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर शिरूरच्या वस्त्यांच्या अगदी मागच्या दारापर्यंत आलेला ऊस. याच उसात बिबट्याची मादी विते, आणि तोडणीच्या वेळी कामगारांना बछडी सापडतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूतच्या पट्ट्यात तीन आठवड्यांत तीन माणसं बिबट्यानं नेली, त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. बाया शेतात जाताना गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. हे पट्टे मुळात कुत्र्यांचे. बिबट्या मानेला धरतो, म्हणून धनगर आपल्या कुत्र्यांना असे पट्टे बांधत आले आहेत.

आता गणित बघा. एक मीटरवरून ५८ ची लेन्स एफ-२ वर उघडली, तर साडेतीन सेंटिमीटर खोलीतलं तेवढं स्पष्ट येतं. फोकस डोळ्यावर, म्हणजे मानेवरचा पट्टा गेलाच. खिळे धुरकट होऊन चमकतात आणि एखादा दागिना वाटतो. मागचा ऊस भोवऱ्यात गेला. ज्या दोन गोष्टींमुळं ते कुत्रं शिरूरचं आहे, त्या दोन्ही पुसल्या. उरला एक गोड डोळा. तसा डोळा स्वित्झर्लंडातही मिळतो.

वस्तीवरचं कुत्रं लाडासाठी कमी आणि चाहूल देण्यासाठी जास्त असतं. पहिला घासही तेच. शेजारच्या जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशोबानं बिबट्यांच्या खाद्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्यांपेक्षा जास्त. ज्याच्या परसातून पहाटे नुसती साखळी हाती लागते, त्याला तुमचा भोवरा दाखवून बघा. (फार्महाउसवाल्यांची हस्की मात्र रात्री एसीत असते. मे महिन्यात दौंडला हस्की पाळणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

या मंडळींचा आवडता बचाव असा की मॅन्युअल लेन्स सबुरी शिकवते. कुणाला? रिंग फिरवेपर्यंत कुत्रं उठून उकिरड्यावर गेलेलं असतं. मग बिस्किटाचं आमिष दाखवून त्याला ‘बस, बस’ करायचं आणि त्याला ध्यानधारणा म्हणायचं. गंमत म्हणजे रिंग न फिरवण्याची सोय त्याच लेन्सवर कोरलेली आहे. अंतराच्या आकड्यांखाली खोलीची पट्टी असते, ती वाचायला कुणाला वेळ नाही. एफ-१६ वर ठेवा, रिंग सात मीटरवर सोडा. साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. कुत्र्याला हवं तसं हुंदडू द्या. ऊन आमच्याकडं फुकट आहे.

हेच लोक हिवाळ्यात दौंडवरून भिगवणला जातात, तोफेएवढ्या लेन्सा घेऊन. रोहिताचं एकेक पीस मोजता आलं पाहिजे असा हट्ट असतो. पाहुण्या पक्ष्याला एवढा मान, आणि दारच्या कुत्र्याच्या वाट्याला साडेतीन सेंटिमीटर.

एका पोराला हे सांगितलं, तर म्हणाला, ‘काका, एफ-सोळावर फोटो फ्लॅट येतो.’ मी म्हटलं, येऊ दे. जांबूतकडच्या एखाद्या वस्तीवर मालकाला विचारून काढ. लोखंडी जाळी लावलेला ओटा, पट्ट्याचे खिळे, आणि मागं वाऱ्यावर हलणारा ऊस, तिन्ही एका फोटोत आण. भोवरा नसला तरी चालेल. घरचा म्हातारा तो फोटो हातात घेऊन आधी ऊस बघेल, मग कुत्रं.