मूठ काट्यावर ठेवा

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी तांदळाचा इटालियन केक झाला. नणंदेची मुलगी इटलीतल्या बोलोन्या शहरात शिकायला आहे. तिच्या घरमालकीणबाईंनी तिला तो खाऊ घातला, कृतीही दिली, आणि तिनं ती मराठीत करून मला पाठवली. सोबत लिहिलं, "मामी, सुरुवात आपल्या खिरीसारखीच आहे, पण शेवटी वड्या पाडता येतात. करून बघा."

या केकचं नाव 'तोर्ता दी रीझो'. रीझो म्हणजे तांदूळ. मी तर समजत होते, इटलीत नुसतं पिझ्झा नि पास्ता! पण तिथल्या पो नदीच्या खोऱ्यात पंधराव्या शतकापासून भातशेती आहे. बोलोन्यात दर दहा वर्षांनी एकेका चर्चच्या वस्तीची पाळी येते आणि मोठा धार्मिक उत्सव होतो. घराघरांच्या खिडक्यांतून रंगीत कापडं सोडतात, आणि आल्या-गेल्याला, शेजाऱ्यापाजाऱ्याला हाच केक शंकरपाळ्याच्या आकारात कापून देतात. हे वाचलं आणि मला आमचं जुनं शहर आठवलं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, तेव्हा आमच्याकडेही घरोघर असंच आल्या-गेल्याचं करणं चालू असतं.

तर केक. कृतीत सगळं वजनात होतं. एक लिटर दूध, १०० ग्रॅम तांदूळ, २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बदाम, चार अंडी आणि पाकवलेली महाळुंगाची साल १०० ग्रॅम. ही साल अकोल्यात कुठून आणणार? पण संत्री आपल्या वऱ्हाडाची! संत्र्याची साल दोन-तीनदा पाण्यात उकळून कडूपणा काढला आणि साखरेच्या पाकात मुरवली. तांदूळ चिन्नोर घेतला, कारण तो मऊ शिजतो. दुधात मंद आचेवर तांदूळ शिजवायचा, दूध आटत आलं की साखर घालायची. थंड झाल्यावर बदामाचे काप, साल आणि फेटलेली अंडी मिसळायची. तूप लावलेल्या डब्यात ओतून १८० अंशांवर सुमारे तासभर भाजायचा. तिकडे गरम असतानाच टोचे मारून वर बदामाचं मद्य शिंपडतात. मी संत्र्याच्या रसाचा पाक शिंपडला. दुसऱ्या दिवशी कापला, तर वड्या सुरेख पडल्या.

अंडं चालत नसेल तर वाटीभर घट्ट चक्का आणि कंडेन्स्ड मिल्क घाला, साखर कमी करा. बोलोन्याची बाई त्याला तोर्ता म्हणणार नाही, पण वड्या पडतात. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मिठाचा थर देऊन, वर जाळी ठेवून भाजता येतो. फक्त वरून तांबूस रंग येत नाही, कारण वरून आच मिळत नाही.

घरात कौतुक झालं. एरवी खीर केली तर मुकाट्यानं खाणारा मुलगा "आई, एक नंबर!" म्हणाला. मी फोटो काढून भाचीला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं. "मामी, आता तुमची पाळी. आजीच्या गूळभाताची कृती पाठवा. मला घरमालकीणबाईंना करून घालायचाय. सगळं ग्रॅममध्ये लिहा."

आणि माझा हात थांबला.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आपल्या वऱ्हाडात भाकर ज्वारीची, भात सणावाराचा किंवा पाहुण्यांचा. शेवटच्या सोमवारी संध्याकाळी उपास सोडायला सासूबाई गूळभात करायच्या. कावडीसोबत अनवाणी चालून आलेली गल्लीतली पोरं हक्कानं आमच्या ओसरीवर बसायची. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहून तो भात पाहिला. लग्नानंतर लवकरच एकदा वही घेऊन विचारलंही होतं, "आई, गूळ किती?" तर म्हणाल्या, "मोजून का कुठं सयपाक होते व माय? हाताले समजते." मी हसून वही मिटली. त्या गेल्या, आणि त्यांचा हातही गेला.

परदेशातल्या एका अनोळखी बाईचा केक मला ग्रॅममध्ये पाठ झाला होता. ज्या घरात उभं आयुष्य काढलं, तिथल्या भाताला गूळ किती, हे मात्र सांगता येत नव्हतं. याची लाज वाटली.

आठवेल तसा करून पाहिला. पहिल्या वेळी तांदूळ टचटचीत राहिला, दुसऱ्या वेळी खाली लागला. शेवटी मागच्या गल्लीतल्या काकूंकडे गेले. वय ८२, सासूबाईंच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी ऐकून कपाळावर हात मारला. "आधी गूळ टाकला काय वं? भात कडक होते. दाना बोटानं चेपला गेला का मंग गूळ. अन् झाकणावर इंगय ठेवाचे, खाली नुसती राख." इंगय म्हणजे इंगळ, निखारे. कुकरमधल्या केकला जी वरची आच मिळत नाही, ती आपल्या बायका झाकणावर निखारे ठेवून देत होत्या! गोवऱ्यांच्या आहारात रोडगे भाजणाऱ्या आपल्या वऱ्हाडाला भाजण्याची विद्या कोणी शिकवायला नको.

"आणि माप, काकू?" "चार मुठी तांदूय, चार मुठी गूय." मी काकूंना घरी घेऊन आले. ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि म्हटलं, "घ्या मूठ." त्यांची तांदळाची मूठ भरली ४५ ग्रॅम, चिरलेल्या गुळाची ६०. म्हणजे १८० ग्रॅम तांदळाला २४० ग्रॅम गूळ. तूप मोठे तीन चमचे, लवंगा सहा, सुक्या खोबऱ्याचे काप नि थोडी खसखस. ही मूठ काकूंची, सासूबाईंची नव्हे, हे मला कळतं. पण दोघींची अंगलट सारखीच होती. आता याहून जवळ जाता येणार नाही.

मैत्रिणींनो, अंदाजानं करण्याचं आपल्याकडे फार कौतुक आहे. 'मोजून करते ती कसली सुगरण!' असं आपणच म्हणतो. अंदाज ही कला आहे, मान्य. पण ती कला हातासोबत जाते, मागे काही राहत नाही. बोलोन्याचे लोक पाहा. १९७२ साली त्यांनी आपल्या ताल्यातेल्ले नावाच्या शेवयांची रुंदीसुद्धा तिथल्या व्यापारी मंडळाच्या कचेरीत नोंदवून ठेवली, आणि १९८२ साली आपल्या मांसाच्या रश्श्याची कृती. आपल्याकडेही लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र' लिहिलं, कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं दिली, आणि कितीतरी नव्या नवऱ्या त्या पुस्तकाच्या भरवशावर स्वयंपाकाला उभ्या राहिल्या. पण तुमच्या-माझ्या सासूचा, आईचा पदार्थ पुस्तकात कोण लिहिणार? तो आपणच लिहायचा.

कोणी म्हणेल, लिहिलं की पदार्थ गोठतो, मग ज्याच्या त्याच्या हाताची चव राहत नाही. मला तसं वाटत नाही. बोलोन्यात एकीच्या केकमध्ये साल जास्त, दुसरीच्या अजिबात नाही, आणि दोघी आपापलाच खरा म्हणतात. कृती लिहिलेली असली की निदान भांडायला तरी काही उरतं!

आणि एक. या कामाला स्वयंपाकाइतकाच मान द्या. घरातल्या बाईनं साठ वर्षं हातानं जे मोजलं, ते तिला कोणी कधी विचारलंच नाही. विचारलं की बघा कशा खुलतात. काकू त्या दिवशी दोन तास बोलत होत्या. गूळभातावरून त्यांच्या माहेरापर्यंत गेल्या.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात सत्तरीपुढची जी बाई असेल, तिच्या हाताखाली या आठवड्यात काटा ठेवा. काटा नसेल तर वाटी ठेवा. ती "हाताले समजते" म्हणेल, तेव्हा माझ्यासारखी हसून वही मिटू नका.

मी भाचीला कृती पाठवली. तिच्याकडे निखारे कुठले? तिनं शिजलेला गूळभात झाकण न लावता वीस मिनिटं ओव्हनमध्ये ठेवला. वरून छान रंग आला म्हणे. घरमालकीणबाईंनी दोनदा मागून खाल्ला, आणि मग आपल्या आईची वही काढून त्यात तो ग्रॅमसकट उतरवून घेतला.