डोळ्यांची किंमत कामगाराने का मोजावी?

लेथवर काम करणाऱ्या कामगाराच्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला तर तो अपघात ठरतो. त्याची नोंद होते, दवाखाना होतो, भरपाईचा प्रश्न निघतो. पण आठ-आठ तास संगणकाच्या पडद्याकडे पाहणाऱ्या कारकुनाचे, डाटा एंट्री ऑपरेटरचे किंवा कॉल सेंटरमधील मुलीचे डोळे संध्याकाळी चुरचुरू लागले, लाल झाले, समोरचे अंधुक दिसू लागले, तर त्याची नोंद कोठेच होत नाही. ‘थंड पाण्याने डोळे धुवा’, ‘नंबर वाढला असेल, चष्मा बदलून घ्या’ एवढा सल्ला मिळतो. म्हणजे दुखणे कामातून येते आणि इलाज मात्र स्वतःच्या खिशातून करायचा!

आमचे म्हणणे सरळ आहे. संगणकावर काम करणाऱ्याच्या डोळ्यांचे रक्षण ही त्याची खाजगी बाब नाही, ती सेवाशर्तींची बाब आहे. पगार, रजा, कामाचे तास यांच्याबरोबर तिला वाटाघाटीच्या टेबलावर जागा मिळाली पाहिजे.

डोळ्यांची काळजी आपल्या कायद्याला अगदीच अपरिचित होती असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३५ हे खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी होते. कामात उडणाऱ्या कणांपासून किंवा अतितीव्र प्रकाशापासून धोका असेल तर गॉगल किंवा आडपडदा पुरवावा, असे ते सांगत होते. वेल्डरला काळी काच मिळाली ती या विचारातून. पण ठिणगी उडत नाही, रक्त येत नाही, तरीही डोळा दमतो, हे त्या काळच्या कायद्याच्या कल्पनेत नव्हते. संगणक तेव्हा कचेऱ्यांत आलेलाच नव्हता.

हा प्रश्न कोणाचा?

बँकांत यांत्रिकीकरणावर १९८३ साली आणि संगणकीकरणावर १९९३ साली करार झाले. तेव्हा वादाचा मुख्य मुद्दा रोजगाराचा होता आणि तो रास्तच होता. त्या वेळी संगणकावर बसणारे शाखेत मोजके होते. आज बँकेत, विमा कचेरीत, टपाल खात्याच्या खिडकीवर, रेल्वे आरक्षण केंद्रात, वीज कंपनीच्या बिल विभागात पडद्याशिवाय एकही काम होत नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक तुटपुंज्या मानधनावर दिवसभर दाखल्यांची आणि नोंदींची कामे करतात. अंगणवाडी सेविकांना तर २०२१ पासून पोषण ट्रॅकरची माहिती मोबाईलच्या वीतभर पडद्यावर भरावी लागते. तेव्हा हा प्रश्न फक्त वातानुकूलित कचेरीतल्या ‘बाबू’ लोकांचा आहे, असे कोणी समजू नये.

डोळा दमतो म्हणजे काय होते?

आपण पापणी मिटतो तेव्हा डोळ्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि बुबुळ ओले राहते. १९९३ साली जपानमधील संशोधकांनी कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी मिटत होता, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना अवघ्या ७ वेळा. डोळा कोरडा पडतो तो यामुळे. त्यात वातानुकूलन यंत्राचा झोत थेट तोंडावर येत असेल तर चुरचुर आणखी वाढते.

दुसरे कारण स्नायूंचे. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाचा आकार बदलावा लागतो आणि ते काम एक बारीक स्नायू करतो. हातात बादली धरून तासभर उभे राहिले तर दंड भरून येतो. तासन् तास एकाच अंतरावर नजर रोखली की डोळ्याच्या स्नायूचेही तेच होते. मग डोके दुखते, मान आखडते, अक्षरे दुहेरी दिसतात. जुन्या जाडजूड मॉनिटरची लुकलुक सपाट पडद्यांमुळे बरीच कमी झाली हे खरे, पण न मिटणारी पापणी आणि न हलणारी नजर यांवर नव्या पडद्यानेही उपाय केलेला नाही.

चाळिशीनंतर आणखी एक अडचण येते. वाचायचा चष्मा साधारण हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि पडदा त्याहून दूर असतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेले आपले ज्येष्ठ सहकारी खालच्या काचेतून पडदा दिसावा म्हणून हनुवटी वर करून बसलेले आपण रोज पाहतो. त्यांची मानदुखी बहुधा त्या चष्म्यातून येते. त्यांना पडद्याच्या अंतरासाठी वेगळ्या नंबरचा चष्मा लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संगणकामुळे माणूस आंधळा होतो असा पुरावा नाही, आणि अशी भीती घालून आम्हाला मागणी पुढे रेटायची नाही. हा त्रास बहुतेक वेळा विश्रांतीने कमी होतो. पण रोज संध्याकाळी होणारा त्रास हा त्रासच असतो. शिवाय काचबिंदू किंवा मधुमेहाने होणारा पडद्यामागचा, म्हणजे नेत्रपटलाचा, आजार सुरुवातीला कळतही नाही. ‘संगणकामुळेच होत असेल’ म्हणून दुर्लक्ष झाले तर तो आजार तपासणीवाचून वाढत राहतो. नियमित तपासणी हवी ती यासाठीही.

दुकानांतून निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची मोठी जाहिरात चालते. २०२३ साली कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत अशा काचांनी डोळ्यांवरचा ताण निदान अल्प काळात कमी होतो असे बहुधा नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. तेव्हा व्यवस्थापनाने असे चष्मे वाटून फोटो काढून घेतले आणि डोळ्यांचा प्रश्न मिटला असे जाहीर केले, तर बंधू-भगिनींनी त्यावर समाधान मानू नये.

सल्ला सोपा, मुभा कोठे आहे?

डोळ्यांचे डॉक्टर सांगतात ते सर्वांनी जरूर पाळावे. पडदा हातभर अंतरावर, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटरवर ठेवावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. खिडकी समोर किंवा पाठीमागे न ठेवता बाजूला यावी. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडद्यावर पडू नये. ज्या कागदावरून नोंद करायची तो टेबलावर आडवा न ठेवता पडद्याशेजारी उभा धरणारा स्टँड असावा. अक्षरे मोठी करून घ्यावीत. आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, पापण्या मुद्दाम मिटाव्यात.

आता हीच यादी पुन्हा वाचून पाहा. यातले कामगाराच्या हातात काय आहे? टेबल कोठे ठेवायचे हे तो ठरवत नाही. खुर्ची, दिवा, वातानुकूलनाचा झोत यांवर त्याचा अधिकार नाही. आणि नजर उचलण्याचे काय? खिडकीपुढे पंचवीस माणसांची रांग उभी असताना काउंटरवरच्या क्लार्कने दूर झाडाकडे पाहिले तर तक्रार होते. कॉल सेंटरमध्ये दोन कॉलमधले सेकंद मोजले जातात. नोंदीमागे पैसे मिळणाऱ्या कंत्राटी ऑपरेटरने पाच मिनिटे डोळे मिटले तर ती पाच मिनिटे त्याच्याच मजुरीतून कापली जातात. डॉक्टर म्हणतात नजर वर करा आणि कामाचा कोटा म्हणतो नजर खाली ठेवा! अशा वेळी एकट्या कामगाराला सल्ला देऊन काय उपयोग? विश्रांती ही पगारी हवी, कोट्यात धरलेली हवी आणि लेखी हवी.

विश्रांती दिल्याने काम बुडते, हा व्यवस्थापनाचा नेहमीचा आक्षेप. त्याला उत्तर आहे. अमेरिकेत आयकर खात्याच्या डाटा एंट्री ऑपरेटरांवर तेथील सरकारी व्यावसायिक आरोग्य संस्थेने एक पाहणी केली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या १५-१५ मिनिटांच्या दोन सुट्यांखेरीज, ज्या तासात सुटी नाही त्या तासात पाच मिनिटांची जादा सुटी दिली गेली. दिवसाकाठी ही एकूण वीस मिनिटे होतात. डोळ्यांची चुरचुर आणि अंगदुखी कमी झाली आणि कामाचे प्रमाण घटले नाही. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा खातेही दोन तासांनी वीस मिनिटांच्या सुटीपेक्षा तासागणिक पाच-दहा मिनिटांची सुटी बरी, असेच सांगते.

चष्म्याचा खर्च कोणी करायचा?

युरोपात या प्रश्नाचे उत्तर १९९० सालीच दिले गेले. पडद्यावर काम करणाऱ्यांसाठीच्या त्या वर्षीच्या निर्देशानुसार काम सुरू करण्यापूर्वी, ठरावीक काळाने आणि त्रास होऊ लागल्यास डोळे तपासून घेण्याचा हक्क कामगाराला आहे. नेहमीचा चष्मा चालत नसेल तर कामापुरता खास चष्मा मिळण्याचाही हक्क आहे आणि याचा कोणताही भार कामगारावर पडता कामा नये. कामात अधूनमधून विश्रांती किंवा कामाचा बदल देणेही मालकावर बंधनकारक आहे. ब्रिटनने १९९२ साली तसे नियम केले.

डिसेंबर २०२२ मध्ये रुमानियातील एका सरकारी कर्मचाऱ्याच्या दाव्यावर युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. त्याने २,६२९ लेई खर्चून चष्मा घेतला होता आणि कचेरीने पैसे नाकारले होते. न्यायालयाने म्हटले की मालकाने चष्मा द्यावा किंवा त्याचा आवश्यक खर्च भरून द्यावा. पगारात सर्वसाधारण भत्ता देऊन ही जबाबदारी संपत नाही. हा मुद्दा आपण नीट लक्षात ठेवावा. संगणक भत्ता हा कामाचा मोबदला झाला, डोळ्यांचे रक्षण नव्हे.

युरोपचे दाखले इथे कशाला, असे कोणी म्हणेल. तर आपल्याच आसामातले उदाहरण घ्या. चहाच्या मळ्यांतील चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचे दिसण्याचा चष्मा लगेच दिला गेला त्यांची पत्तीतोडणी, चष्मा नंतर मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. ते काम संगणकाचे नाही, पण चाळिशीनंतरची नजर तीच आहे. साध्या चष्म्याने उत्पादन वाढते, तर तो चष्मा मालकाने का देऊ नये?

आपल्याकडे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कामगार संहितांवरचे कामगार चळवळीतील आक्षेप सर्वांना माहीत आहेत, ते इथे उगाळत नाही. पण या संहितेत ठरवून दिलेल्या वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची तरतूद आहे, आणि चाळिशीवरच्या कामगारांना ती मिळेल असे सरकारने जाहीर केले आहे. या तपासणीत रक्तदाब आणि साखर पाहून काम भागवू नये, डोळ्यांची पूर्ण तपासणीही व्हावी, असा आग्रह प्रत्येक आस्थापनेत धरला पाहिजे.

मागण्या आणि शाखांचे काम

म्हणून पुढील मागणीपत्रात या बाबी याव्यात असे आम्ही सुचवतो :

१. पडद्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाची, कंत्राटी आणि मानधनी कामगारांसह, कामावर घेताना, वर्षातून एकदा आणि तक्रार आल्यास केव्हाही, मालकाच्या खर्चाने डोळ्यांची तपासणी.

२. पडद्याच्या अंतरासाठी लागणाऱ्या चष्म्याचा पूर्ण खर्च.

३. सलग पडद्याच्या कामात तासाला किमान पाच मिनिटे पगारी विश्रांती किंवा कामाचा बदल, आणि ती वेळ वगळून कोट्याची आखणी.

४. खुर्ची, पडद्याची उंची, उजेड आणि हवेचा झोत यांची युनियनच्या प्रतिनिधीसह वर्षातून एकदा पाहणी.

५. मोबाईलवर माहिती भरावी लागणाऱ्यांना मोठ्या पडद्याचे साधन, आणि ते नसल्यास कामाचे प्रमाण कमी करणे.

या मागण्यांसाठी आधी आकडे आपल्या हाती हवेत. शाखांनी महिनाभरात एक साधे काम करावे. एका कागदावर चारच प्रश्न छापावेत : दिवसात किती तास पडद्यापुढे बसता? संध्याकाळी डोळ्यांना काय त्रास होतो? शेवटची तपासणी केव्हा झाली? चष्म्याचा खर्च कोणी केला? नावे लिहायला लावू नयेत, म्हणजे कंत्राटी कामगारही मोकळेपणाने भरतील. असे शंभर कागद टेबलावर ठेवले की व्यवस्थापनाला ‘हा ज्याचा-त्याचा खाजगी प्रश्न आहे’ असे म्हणता येणार नाही.

संगणक आला तो आता जाणार नाही आणि तो जावा असे आमचे म्हणणेही नाही. यंत्र बिघडू नये म्हणून खोली थंड ठेवली जाते, यंत्राच्या देखभालीचा वार्षिक करार होतो, त्यासाठी अंदाजपत्रकात पैसे धरले जातात. त्या यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाच्या दोन डोळ्यांसाठीही त्याच अंदाजपत्रकात एक रकाना असावा, एवढीच आमची मागणी आहे. ती एकजुटीने मांडली तर मान्य करून घेणे अवघड नाही.